अरबीतून इंग्रजीत साहित्यानुवाद : यावर पोट भरतं का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धीर करून धागा काढतेय.

अरबी शिकायला लागून सात वर्षं झाली, त्यातलं दीड वर्ष कैरोत काढलं. पोटापाण्यासाठी कंपन्यांचे करार, औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका असं काहीबाही इंग्रजीत करून देते. जीव मात्र कादंबऱ्यांत अडकलाय. गेल्या वर्षी एका इजिप्शियन लेखकाची छोटेखानी कादंबरी वाचली आणि कुणी सांगितलेलं नसताना तिची चाळीस पानं इंग्रजीत करून बसले. आता पुढे काय ते कळत नाही. आधी लेखकाला विचारायचं की प्रकाशकाला? पैसे किती मिळतात? इंग्रजी माझी मातृभाषा नाही, हे आड येतं का? आणि मुख्य म्हणजे ही कारकीर्द म्हणावी अशी गोष्ट आहे, की हौस?

(न्हाव्याच्या दुकानातला एक प्रसंग तीन आठवडे अडलाय, त्याबद्दल नंतर विचारेन.)

शंकासूर

पोट भरत नाही. धागा बंद करायला हरकत नाही. :)

अमेरिकेत छापल्या जाणाऱ्या पुस्तकांत अनुवाद तीनेक टक्केच असतात असं नेहमी म्हणतात. त्यातला अरबीचा वाटा म्हणजे चिमूटभर. त्या चिमटीत तुम्ही कुठे बसणार?

तळटीप

शंकासुरांचा निकाल बरोबर आहे, पण कारण चुकलं. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं, म्हणजे उरलेलं निवांत बोलता येईल. इंग्लंडात सोसायटी ऑफ ऑथर्सच्या छत्राखाली अनुवादकांची संघटना १९५८ पासून आहे. प्रकाशक साधारण काय देतात, त्याचा अंदाज ती जाहीर करते. काही वर्षांपूर्वी तो हजार शब्दांना ९५ पौंड होता. सत्तर हजार शब्दांची कादंबरी धरा : ६,६५० पौंड. मला अशा कादंबरीला आठ महिने लागतात, भाषा अवघड असली तर वर्ष. पैसे बहुधा हप्त्यांत येतात : सहीच्या वेळी काही, मजकूर दिल्यावर काही आणि उरलेले पुस्तक छापून आल्यावर. आता पुस्तक छापून कधी येणार ते प्रकाशकाच्या मर्जीवर! माझा एक शेवटचा हप्ता दोन वर्षं लटकला होता. रॉयल्टी एक-दोन टक्के, तीही आगाऊ रक्कम वळती झाल्यावर. आजवर माझी एकाच पुस्तकाची वळती झालीय.

एक खाचखळगा मात्र आत्ताच सांगून ठेवते, कारण मी त्यात पडलेय. दर कुठल्या शब्दांवर ठरलाय, मूळ अरबी की तयार इंग्रजी? अरबीत ‘वसयक्तुबूनहा’ हा एक शब्द. ‘व’ म्हणजे आणि, ‘स’ भविष्यकाळाचा, मग ‘ते लिहितात’, शेवटचा ‘हा’ म्हणजे ती (चिठ्ठी म्हणा). इंग्रजीत त्याचे पाच शब्द होतात. पहिल्या पुस्तकाच्या करारात मी न वाचता मूळ शब्दसंख्येवर सही ठोकली. नंतर हिशेब केला तेव्हा रात्री झोप लागली नाही.

आता कारकिर्दीबद्दल. या क्षेत्रातली मोठी नावं घ्या आणि त्यांनी पोटासाठी काय केलं ते बघा. डेनिस जॉन्सन-डेव्हिस, जन्म १९२२, व्हँकुव्हरचा. बालपण कैरो, सुदान, पूर्व आफ्रिकेत. युद्धाच्या काळात बीबीसीच्या अरबी विभागात नोकरी. इजिप्शियन कथाकार महमूद तैमूरच्या कथांचा पहिला संग्रह १९४०च्या दशकात त्याने पदरच्या पैशांनी छापला. आधुनिक अरबी कथांचं त्याचं संकलन ऑक्सफर्डने काढलं ते १९६७ साली. सुदानच्या तय्यिब सालिहची कादंबरी ‘सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ’ इंग्रजीत त्यानेच आणली, १९६९. हंफ्री डेव्हिस (दोघांचं नातं नाही, नावांचा योगायोग) अरबीत पीएचडी झाला, मग कित्येक वर्षं स्वयंसेवी संस्थांत राबला. त्याने अनुवादलेली पहिली कादंबरी २००३ साली आली तेव्हा तो छप्पन्नच्या आसपास होता. पुढच्याच वर्षी अला अल-अस्वानीची गाजलेली ‘द याकूबियन बिल्डिंग’. जोनाथन राइट आधी रॉयटर्सचा बातमीदार. म्हणजे बहुतेकांचा हा दुसरा डाव. पहिल्या डावात भाषा कमावली, थोडी गंगाजळी जमवली, मग कादंबऱ्या.

बाकीचं उद्या. डोळे मिटताहेत.

दुभाष्या

तळटीप काकांना +१. मी कोर्टात आणि परिषदांत दुभाषाचं काम करतो, कादंबरीच्या वाटेला गेलो नाही. दिवसभर उभं राहून जे मिळतं ते कादंबरीच्या महिनाभराच्या पैशांना भारी पडतं. पण संध्याकाळी घरी आल्यावर सकाळचं एक वाक्य आठवत नाही. तुमची पुस्तकं निदान फळीवर दिसतात तरी.

गंमत म्हणजे ‘तर्जुमा’ हा शब्द आपल्याकडे आलाय तो अरबीतूनच. वकील, अर्ज, हिशेब, तारीख हेही. कोर्टात एखाद्याचा जबाब अरबीतून ऐकताना मधेच ‘वकील’ कानावर पडतो आणि क्षणभर आपण घरीच बसलोय असं वाटतं.

तळटीप

काका नाही हो, मावशी. :)

अर्धविराम, तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते. आधी लेखक. चाळीस पानं करून बसलीस हे झालं ते झालं (आम्ही सगळ्यांनी केलंय), पण एकेचाळिसावं करू नकोस. इंग्रजी हक्क मोकळे आहेत का, ते विचार. पुष्कळ अरब लेखकांना एजंट नसतो, त्यांना थेट लिहिलं तरी चालतं, आणि बहुतेक जण आनंदाने उत्तर देतात. पण लेखक ‘हो, कर ना’ म्हणाला म्हणजे हक्क मिळाले असं नाही. मूळ प्रकाशकाशी त्याचा करार काय आहे ते त्यालाही कधीकधी धड ठाऊक नसतं. कुठल्या कादंबरीच्या कोणत्या पानांसाठी परवानगी, कुठवर आणि किती काळ, हे चार ओळींत लेखी घे.

मग ती पानं घेऊन फिरायचं. इथे मला जे म्हणायचंय ते नीट ऐक, कारण हे कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. इंग्रजी प्रकाशकाच्या कचेरीत फ्रेंच वाचणारं कुणीतरी असतं, स्पॅनिश वाचणारं असतं. अरबी वाचणारं बहुधा कुणीच नसतं. ते मूळ पुस्तक उघडून बघूच शकत नाहीत. त्यांचे डोळे म्हणजे तू. पुस्तक शोधायचं तू, त्याचा गोषवारा तू लिहायचा, वीस पानांचा नमुना तू द्यायचा, लेखक कोण, तिकडे काय गाजलं, इंग्रजी वाचक ते का घेईल, हे सगळं तू पटवायचं. अनुवाद हे निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्याचे पैसे कुणी देत नाही. माझ्या संगणकात अशा अकरा पुस्तकांचे नमुने पडून आहेत. छापून आली तीन.

नमुना आधी मासिकांकडे पाठव. लंडनचं ‘बनिपाल’ १९९८ ते २०२२ चाललं, आमच्या पिढीचं पहिलं छापील नाव बहुतेक त्यातच आलं. ते बंद झालं तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. आता ‘अरबलिट क्वार्टरली’ आहे, ‘वर्ड्स विदाउट बॉर्डर्स’, ‘असिम्प्टोट’ आहेत. पैसे नगण्य, पण संपादक वाचतात. इंग्लिश पेन या लेखकांच्या संस्थेचं ‘पेन ट्रान्सलेट्स’ हे अनुदान २०१२ पासून आहे. ते अनुवादकाला नाही, प्रकाशकाला मिळतं, अनुवादाच्या खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, अगदी छोटा प्रकाशक असेल तर सगळाच. छोट्या प्रकाशकाला पत्र लिहिताना याचा उल्लेख केलास तर त्याचा चेहरा खुलतो, असा माझा अनुभव.

पाल्हाळ

छान धागा. थोडं अवांतर करतो, नावाला जागून.

एडवर्ड सईदने १९९० साली ‘द नेशन’मध्ये एक लेख लिहिला होता. त्यात तो सांगतो की १९८०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाने त्याच्याकडे तिसऱ्या जगातल्या अनुवादयोग्य कादंबऱ्यांची यादी मागितली. यादीत अग्रभागी इजिप्तचा कादंबरीकार नजीब महफूज. यादीतलं काहीच का घेतलं नाही असं त्याने नंतर विचारलं तर उत्तर आलं : अरबी ही वादग्रस्त भाषा आहे. भाषाच वादग्रस्त! आठ वर्षांनी महफूजला नोबेल मिळालं आणि मग धावपळ. कैरोच्या अमेरिकन विद्यापीठाचं प्रकाशन १९७०च्या दशकापासून त्याच्या पुस्तकांचे इंग्रजी अनुवाद काढत होतं, म्हणून निदान हातात काहीतरी होतं. पुढे न्यूयॉर्कच्या डबलडेने त्याची कैरोची त्रिधारा काढली तेव्हा तिथे त्या पुस्तकांचं संपादन बघणारी बाई होती जॅकलीन केनेडी ओनासिस.

त्रिधारेतल्या पहिल्या भागाचं मूळ नाव ‘बैन अल-कस्रैन’. कस्र म्हणजे राजवाडा, कस्रैन म्हणजे दोन राजवाडे, आपल्या संस्कृतातलं द्विवचन. दोन राजवाड्यांच्या मधलं, असा अर्थ. ते जुन्या कैरोतल्या रस्त्याचं खरंखुरं नाव आहे, राजवाडे केव्हाच गेले. इंग्रजीत ‘पॅलेस वॉक’ झालं. मला आधी राग आला होता. मग वाटलं, रस्त्याच्या पाटीवर शोभेल असं इंग्रजी नाव करायचं तर दुसरं काय करणार? पण ते ‘दोन’ गेलं ते गेलंच. घरात एक बाप आणि घराबाहेर दुसराच बाप, अशा माणसाच्या कादंबरीतून ‘दोन’ जाणं मला अजून टोचतं.

बोरूबहाद्दर

मी टेबलाच्या पलीकडचा, प्रकाशनात संपादक. अरबी येत नाही, तळटीपताईंनी वर्णन केलेला आंधळा तो मीच.

अनुवादक शीर्षकावरून आणि मुखपृष्ठावरून फार भांडतात हो. पण दुकानात पुस्तक उभं आम्हाला करायचं असतं. ओमानच्या जोखा अल-हार्थीच्या कादंबरीचं अरबी नाव ‘सय्यिदात अल-कमर’, म्हणजे चंद्राच्या स्त्रिया. मॅरिलिन बूथच्या इंग्रजी अनुवादात ‘सिलेस्टियल बॉडीज’. अनुवादित पुस्तकांसाठीचं २०१९ चं मॅन बुकर इंटरनॅशनल पारितोषिक त्याच पुस्तकाला मिळालं, अरबीला पहिल्यांदाच. ५०,००० पौंड, लेखिका आणि अनुवादक यांच्यात निम्मे निम्मे. बदललेलं नाव नेहमीच वाईट नसतं.

तळटीप

बोरूबहाद्दर, अगदी योग्य बाईंचं नाव काढलंत. याच मॅरिलिन बूथनी त्याच्या बारा वर्षं आधी ‘गर्ल्स ऑफ रियाध’ या सौदी कादंबरीचा अनुवाद केला होता. मूळ पुस्तकात रियाधच्या मुलींबद्दलच्या ईमेल, त्यात निरनिराळ्या बोली, मधेच इंग्रजी, असा भाषेचा खेळ आहे. तो राखायचा त्यांनी प्रयत्न केला. लेखिका आणि प्रकाशक यांनी मजकुरावर हात फिरवून तो खेळ सपाट केला. २००७ साली बूथनी टाइम्स लिटररी सप्लिमेंटला पत्र लिहून जाहीर सांगितलं की छापून आलंय ते माझं काम नव्हे. तोवर नाव असलेल्या प्राध्यापिका होत्या म्हणून बोलू शकल्या. माझ्यासारखीने तोंड उघडलं असतं तर पुढचं पुस्तक कुणी दिलं असतं?

मुखपृष्ठाचं म्हणाल तर माझं दुसरं पुस्तक ऐका. एका पाणीपुरवठा खात्यातल्या कारकुनाची कादंबरी. सगळी कचेरीत आणि बसमध्ये घडते. पुस्तकात एकही उंट नाही. मुखपृष्ठावर दोन. शिवाय एक बुरखा, फक्त डोळे दिसणारा. प्रकाशकाचं नाव घेत नाही, माणसं तशी बरी होती. लेखकाने मला एवढंच विचारलं, ‘ही बाई कोण?’

बोरूबहाद्दर

उंटांबद्दल आमच्या जमातीतर्फे माफी. :) पण अनुवादकांची नावं आता मुखपृष्ठावर यायला लागलीत, हेही लिहा की. २०२१ साली अनुवादक जेनिफर क्रॉफ्ट आणि कादंबरीकार मार्क हॅडन यांनी लेखकांना खुलं पत्र लिहिलं, तेव्हापासून आमच्या बैठकीत हा विषय निदान निघतो तरी.

शंकासूर

मूळ प्रश्नाचं एक अंग राहिलं. अनुवाद आपल्या मातृभाषेत करावा, हा साधा नियम नाही का? अर्धविराम मराठी, अरबी शिकलेली, इंग्रजीही शिकलेलीच. दोन्ही घरची पाहुणी. आणि आता यंत्र फुकटात अनुवाद करतं, त्याचं काय?

तळटीप

दोन्ही घरची पाहुणी, हे झकास. चोरणार आहे.

सिनान अंतून इराकी. त्याने स्वतःचीच कादंबरी ‘द कॉर्प्स वॉशर’ या नावाने इंग्रजीत केली आणि २०१४ चा सैफ घोबाश बनिपाल पुरस्कार घेतला. ३,००० पौंडांचा हा पुरस्कार २००६ पासून खास अरबी-इंग्रजी अनुवादासाठी आहे. तेव्हा ‘मातृभाषा’ हे कारण प्रकाशकाने पुढे केलं तर समजावं की त्याने तुझी पानं वाचलेली नाहीत, फक्त आडनाव वाचलंय. इंग्रजीत कमी पडत असशील तर ते दुसऱ्या पानावर दिसेल. तेवढंच बघावं.

आडनावाचा एक उलटा अनुभवही आहे. एकाने मला तोंडावर सांगितलं, तुम्ही अरब नाही आणि इंग्रजही नाही, मग पुस्तकाच्या प्रचाराला तुम्हाला कुठल्या खुर्चीवर बसवू?

यंत्राबद्दल. ऐन, लाम, मीम ही तीन अक्षरं घ्या. स्वरचिन्हं छापत नाहीत, त्यामुळे तेच ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, ‘अलम’ म्हणजे झेंडा, ‘अल्लम’ म्हणजे त्याने शिकवलं. पूर्वी यंत्र यात गडगडायचं. आता संदर्भ असला तर बरंचसं ओळखतं, उगाच खोटं कशाला बोला. कैरोच्या बोलीतल्या संवादांवर मात्र अजून माती खातं. पण माझी भीती वेगळी आहे. यंत्राने कादंबरी नाही खाल्ली, कादंबरीला पोसणारं काम खाल्लं. तुझी ती माहितीपत्रकं आणि पुस्तिका. माझ्याकडे अशा कामाचा ओघ गेल्या काही वर्षांत निम्म्यावर आलाय. जे येतं ते ‘यंत्राने केलंय, फक्त डोळ्याखालून घाला’ म्हणून, निम्म्या दराने. दुसऱ्या डावासाठी पहिला डावच राहणार नसेल तर कादंबऱ्या करणार कोण? आधीच घरचं बरं असलेले?

दुभाष्या

हे खरं आहे. माझ्याबरोबर सुरुवात केलेले दोघे आता भाषा शिकवतात.

पाल्हाळ

यंत्राला मायकेल कूपरसनचं ‘इम्पोस्चर्स’ वाचायला द्या. मध्ययुगीन अरबी लेखक अल-हरीरीच्या पन्नास मकामा, म्हणजे यमकी गद्यातल्या कथा, शब्दांच्या कसरतींनी ठासून भरलेल्या, काही तर अशा की नुक्ता असलेलं एकही अक्षर वापरायचं नाही. शतकानुशतकं ‘अनुवाद अशक्य’ असा शिक्का. या पठ्ठ्याने पन्नास मकामांना पन्नास वेगवेगळ्या इंग्रज्या वापरल्या. २०२० साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ‘लायब्ररी ऑफ अरॅबिक लिटरेचर’मध्ये आलं. त्याच मालेत हंफ्री डेव्हिसने शिद्याक या अरबी लेखकाचं १८५५ चं अचाट पुस्तक चार खंडांत केलंय, ज्यात समानार्थी शब्दांच्या याद्याच पानंच्या पानं चालतात. पैसे किती मिळाले असतील देव जाणे, पण बसल्या जागी मजा किती आली असेल!

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. लेखकाला काल पत्र पाठवलं, आज सकाळी उत्तरही आलं. हक्क मोकळे आहेत म्हणतो, लेखी देतो म्हणतो. आणि आता तो अडलेला प्रसंग.

इजिप्तमध्ये कुणी न्हाव्याकडून केस कापून घेतले किंवा आंघोळ करून आलं की ‘नईमन’ म्हणतात. सुख लाभो, अशा अर्थाचं काहीतरी. त्यावर ठरलेलं उत्तर द्यायचं असतं, ‘अल्लाह यिनइम अलैक’, तुम्हालाही लाभो. माझ्या कादंबरीत नायकाचा बाप गेलाय. अंत्यविधीला जाण्याआधी तो न्हाव्याकडे दाढी करतो. न्हाव्याला ठाऊक नाही. टॉवेल झटकत तो सवयीने म्हणतो, ‘नईमन.’ प्रसंग तिथेच संपतो.

‘छान दिसताय’ करून पाहिलं. भयंकर. नुसतं ‘झालं बरं का’ केलं तर त्यातला आशीर्वादच गेला. मराठीतही याला शब्द नाही, म्हणून मराठीत विचार करूनही वाट सापडत नाही.

दुभाष्या

मी असतो तर गाळला असता. कोर्टात तेच करतो.

बोरूबहाद्दर

तळटीप देऊ नका एवढंच सांगतो. (तळटीपताई, तुम्हाला नव्हे.)

तळटीप

अगं, अडचण त्या शब्दाची नाहीच. तो उत्तर देत नाही, ही गोष्ट आहे. अरबी वाचकाच्या कानात ते उत्तर आपोआप वाजतं आणि इथे ते येत नाही म्हणून तो हलतो. इंग्रजी वाचकाला उत्तर द्यायचं असतं हेच ठाऊक नाही, तर ते न दिल्याचं त्याला कसं कळणार?

हा न्हावी आधी कुठे येतो का?

अर्धविराम

येतो. दुसऱ्या प्रकरणात, नायक लग्नाला निघालेला असतो तेव्हा. तिथेही न्हावी ‘नईमन’ म्हणतो, हा हसत उत्तर देतो आणि वर एक नाणं जास्त ठेवतो.

तळटीप

मग तुझं काम लेखकाने करून ठेवलंय. तिथे दोन्ही अरबीतच राहू देत, शब्दही आणि उत्तरही. अर्थ त्या नाण्यातून कळतो. मग शेवटच्या वेळी नुसता ‘नईमन’ ठेव आणि पुढचा परिच्छेद सुरू कर.

अर्धविराम

मावशी, दुसऱ्या प्रकरणातला मी गाळला होता. उगाच अडखळायला होईल म्हणून. आत्ता परत घालतेय.